पहिल्या नंबराचा नारळ

वडाचीवाडी, पो. पडघा, ता. भिवंडी
१४ जुलै १९७४

केसरी,

काम आहे म्हणून लिहिते. खुशाली विचारायला वेळ नाही, भाताची आवणी अर्ध्यात आहे. कागदाला डाग दिसला तर तो चिखल समज.

आमच्या शाळेत शिंगडा गुरुजींनी परवा आईबापांना बोलावलं होतं. मी गेले. तुझ्या दाजींची भिवंडीला लूमवर दुसरी शिफ्ट होती. गुरुजी म्हणाले, यंदापासून मार्क बंद, नंबर बंद, पास-नापास बंद. मुलाला काय काय येतं तेवढं एका कार्डावर लिहून द्यायचं. मी विचारलं, मग पहिलं कोण आलं ते कसं कळणार? म्हणाले, "ते कळवायचंच नाही, बाई. वरून आलंय." वर म्हणजे कुठे, तर ठाण्याला. ठाण्याला शाळांच्या खात्यात तूच बसतोस. म्हणून तुलाच विचारते, हे काय काढलंय तुम्ही?

तू इथे कधी राहिला नाहीस, तुला आमच्या शाळेची रीत ठाऊक नसणार. एक मेला झेंडा झाला की गुरुजी निकाल वाचतात. सातवीत जो पहिला येतो त्याच्या बापाला पुढे बोलावतात आणि त्याच्या हातून शाळेच्या पायरीवर नारळ फोडतात. पहिल्या नंबराचा नारळ. खोबऱ्याचा तुकडा साऱ्या गावाला मिळतो, आणि वर्षभर त्या बापाला पारावर बसायला जागा करून देतात. दोन वर्षांमागे थोरल्या मुलामुळे तो मान रघू भावजींना मिळाला. ते ह्यांचे चुलतभाऊ. तेव्हापासून तुझे दाजी त्या पारावरून जाताना मान खाली घालून जातात.

यंदा होळीला रघू भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सावल्या, तुज्या हाताला त्यो नारल न्हाय. शालंत तुजी नुसती पोरगी हाय." मी बायकांत उभी होते. मागून म्हटलं, "पोरगी आली पहिली तर?" ह्यांना चढली होती थोडी. म्हणाले, "आली पयली त भिवंडीच्या हायस्कुलात घालीन. न्हाय आली त कशेलीवाल्यांना हो सांगीन." मी लगेच दहा माणसांना साक्षीला धरलं. तुझे दाजी कसेही असोत, लोकांसमोर दिलेला शब्द मोडत नाहीत. त्या शब्दावर मी मैनाला सातवीत बसवलीय. कशेळीचे लोक माघापासून मागणीचे निरोप पाठवतायत. पोर चौदाची आहे.

मैना पहिली येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नंबरच नसेल तर ती येणार कुठे? आमची शाळा ह्यातून वगळता येते का ते कळव. लवकर कळव.

चंद्रा


ठाणे
२ ऑगस्ट १९७४

ती. स्व. सौ. ताईस,
केसरीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. उत्तरास विलंब झाला याचे कारण तीच योजना, जिच्याविषयी तू विचारले आहेस. सध्या आम्ही सगळे तिच्यातच बुडालो आहोत.

ताई, तुला काळजी वाटली, पण तुला तर आनंद व्हायला हवा. 'पायरी योजना' असे तिचे नाव. निवडक शाळांतच ती प्रथम राबवायची आहे आणि तुमची शाळा त्यात यावी म्हणून मी स्वतः आग्रह धरला. आजवर आपण मुलाला काय येत नाही ते मोजत आलो. आता त्याला काय येते ते पाहायचे. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना नाही. ज्याची पायरी पूर्ण झाली तो पुढे जाईल, ज्याची झाली नाही त्याला आणखी शिकवू. कोणी पहिला नाही, म्हणून कोणी शेवटचाही नाही. हायस्कुलात प्रवेशसुद्धा याच कार्डावर मिळेल, तशी बोलणी झाली आहेत.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझे मन तुला कळेल. साहेबांसमोर ही योजना मांडताना मी तुझे उदाहरण दिले. म्हणालो, माझी थोरली बहीण तिसरीत नापास झाली. प्रगतिपुस्तकावरच्या एका लाल रेघेने तिची शाळा कायमची संपली. ती रेघ नसती तर आज ती कुठे असती? साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ही योजना एका अर्थी तुझ्यासाठीच आहे.

दाजींना नीट समजावून सांग. माणूस समंजस आहे. सुलभाचा नमस्कार. रंजनाची तब्येत आता बरी आहे.

तुझा,
केसरीनाथ


वडाचीवाडी
२५ ऑगस्ट १९७४

केसरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा रागाने वाचलं.

मी नापास झाले हे तुला कोणी सांगितलं? मी तिसरीत दुसरी आले होते. पहिला पाटलांचा मुलगा, आणि त्याला गणित मी सांगायचे. चौथीत नाव घातलं, पुस्तकंसुद्धा आणली. श्रावणात तू झालास. आई अंथरुणातून उठेना. बाबा म्हणाले, झोळी कोण हलवणार? मी हलवली. लाल नाही, निळी नाही, कसली रेघ नव्हती. तू रडत होतास, म्हणून मी घरी बसले. नापास झाले असते तर निदान चुकलं माझं, एवढं तरी वाटलं असतं.

बाबांनी तुला तसं सांगितलं असेल तर त्यांना ते बरं पडलं असेल. पण तू मला कधी विचारलंस? आणि न विचारता बैठकीत सांगून आलास. साहेबांनी हात ठेवला म्हणे खांद्यावर. आता परत जा आणि त्याच साहेबांना सांग की बहीण नापास नव्हती.

ते जाऊ दे. मला माझं काही नको. मैनाचं बघ.

दाजींना समजावून सांग म्हणतोस. सांगितलं. ते जेवत होते. मी म्हटलं, आता तुलना करायची नाही असं ठाण्याला ठरलंय. म्हणाले, "बरं जालं. म्हंजे माजा शब्द सुटला." हात धुवून झोपायला गेले. तुला कळतं का ह्याचा अर्थ? मी त्या माणसाला एका जागी बांधून ठेवला होता, तू येऊन गाठ सोडलीस.

तुमच्या शहरात नंबराने मुलं रडत असतील. इथे पोरीला घराबाहेर काढायला माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. मी चांगलं बोलते म्हणून तिला कोणी पाठवणार नाही. तिला वाचायला आवडतं म्हणूनही नाही. तिच्याच वर्गातल्या रघूच्या नाम्याच्या पुढे गेली तर पाठवतील, कारण त्यात ह्यांची मान वर होते. हे बरं आहे असं मी म्हणत नाही. आहे ते असं आहे.

माझं मागणं एवढंच, की कार्ड तुमचं असू दे, पण एक मेला गुरुजींनी तोंडाने सांगावं, सातवीत पहिली मैना. लिहायलाही नको. गुरुजी भित्रे आहेत, तुझा शब्द आला की बोलतील.

चंद्रा


ठाणे
८ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

यंदा भाऊबीजेला येणे जमत नाही. योजनेची पाहणी नेमकी त्याच आठवड्यात लागली. सुलभाने तुझ्यासाठी लुगडे घेतले आहे, ते पडघ्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो.

शाळेबाबत तू लिहिलेस त्याने मन फार अस्वस्थ झाले. बाबा मला तसेच सांगत असत. 'चंद्री नापास झाली, तू होऊ नको', असे. मी खोटे बोललो नाही, ताई, मला जे ठाऊक होते ते बोललो. आता ते बैठकीच्या वृत्तांतात छापून गेले आहे. मागे घ्यायचे म्हणजे उगाच गाजावाजा होईल.

मैनाचे म्हणशील तर तुझे मागणे मी नाकारतो असे समजू नकोस. पण नीट पाहा. योजनेचा मूळ आत्माच तो आहे की क्रमांक लावायचा नाही. तो मीच माझ्या भाचीसाठी मोडला तर लोक काय म्हणतील? मी दुसरे करतो. शिंगडा गुरुजींना मी स्वतः लिहिले आहे की मैनाचे कार्ड कंजूषपणे भरू नका. मुलगी घरात, शेतात जे जे करते तेसुद्धा मागच्या पानावर 'जीवनोपयोगी कामे' या सदरात यायला हवे. ते सदर माझ्याच सूचनेवरून घातले आहे. खेड्यातल्या मुलीच्या अंगी किती गुण असतात, ते मार्कांत कधी दिसले आहेत का? ते कार्ड वाचून कुठल्याही बापाची छाती फुगेल.

दिवाळीचा फराळ सगळ्यांना गोड लागो. आमच्याकडे आनंद आहे. रंजना सहामाहीत वर्गात तिसरी आली. पहिल्या दोघींपेक्षा थोडेच मार्क कमी पडले, त्यामुळे सुलभाने तिला शिकवणी लावली आहे.

केसरीनाथ


वडाचीवाडी
११ डिसेंबर १९७४

केसरी,

लुगडं मिळालं. रंग चांगला आहे.

रंजना तिसरी आली. वा. कशातून तिसरी आली? तुमच्यात तर तुलना नाही ना? तिच्या शाळेत पायरी नाही का चढवत? की ती पायरी फक्त पडघ्याच्या ह्या बाजूला बांधलीय? तुझ्या मुलीला दोघींच्या मागे राहिली म्हणून शिकवणी, आणि माझी पुढे गेली तरी कोणाला सांगायचं नाही. मी चौथीत बसलेली बाई, मला हे कळत नाही. तू शिकलेला आहेस, मला समजावून सांग.

गुरुजी तुझं पत्र घेऊन घरी आले होते. घाबरेच होते. वही काढली आणि विचारायला लागले, मुलगी घरात काय काय करते? मी गोठ्यात होते. सासूबाई ओट्यावर होत्या. म्हातारीला कोणी विचारलं आणि ती थांबली असं झालं नाही. सगळं सांगितलं तिनं. "भाकर करते. पातल करते, माज्या तोंडाला दात न्हाईत ना. पानी आनते. आवनीला बायांच्या बरोबरीनं लावते. धाकल्याला ती कडेवर घेते, आय त नुसती वराडते." मग कांड्या. घरी कांड्या भरायला आणतो आम्ही लूमवरून, त्या मैना भरते, एक सूत तुटत नाही. "लिवा, मास्तर, लिवा," म्हणत होती म्हातारी. मी आले तर पान भरलेलं. मी म्हटलं, गुरुजी, ह्यात वाचन कुठाय? म्हणाले, "ते पुढच्या पानावर आहे, बाई. हे पान साहेबांना जास्त आवडतं."

मैना आत बसून ऐकत होती. गुरुजी गेल्यावर म्हणाली, "आई, हे कामाला ठेवायला लिहून नेलं का?" पोरीला लगेच कळलं. तुला कळत नाही.

कार्ड नको मला. मला एक शब्द हवाय. पुन्हा सांगते, पोर पहिली आली हे एकदा मोठ्याने बोलायला सांग.

चंद्रा


ठाणे
४ मार्च १९७५

ती. स्व. सौ. ताईस नमस्कार.

कामाच्या गर्दीत थोडक्यात लिहितो. रंजनाची शाळा खासगी आहे, तिचे नियम वेगळे, त्यात माझा हात नाही. त्यावर तू एवढे रागावावेस असे काही नाही.

इकडे फार चांगली बातमी आहे. साहेबांनी पायरी योजनेचा अहवाल वर पाठवला आणि तो पसंत पडला. मे महिन्यात मला पुण्याला बोलावले आहे, तिथे इतर जिल्ह्यांच्या लोकांसमोर मी ही योजना सांगायची आहे. बढतीचेही बोलतात. कार्ड जाड कागदावर छापून आले आहे, खाली गोल शिक्क्याची जागा आहे. पाहशील तर तुलाही पटेल.

दाजींना माझा नमस्कार. निकालाच्या दिवशी मी आलो असतो, पण जमेल असे वाटत नाही. तुझी गोष्ट माझ्या लक्षात आहे.

केसरीनाथ


वडाचीवाडी
३ मे १९७५

केसरी,

हे पत्र हातात पडताच वाच आणि उलट टपाली उत्तर टाक. अक्षय्यतृतीयेच्या आत मिळालं पाहिजे. का ते सांगते.

एक मेला तुझ्या दाजींनी रजा टाकली. शिफ्ट बुडवून हा माणूस कधी कशासाठी थांबलेला नाही. धुतलेली टोपी घातली. पिशवीत काहीतरी होतं. मी विचारलं नाही, पण वाटेत पिशवी माझ्या गुडघ्याला लागली तेव्हा कळलं. नारळ होता. शब्द सुटला म्हणाले होते, तरी नारळ घेऊन आले होते. केसरी, मी त्या माणसाला एवढी वर्षं शिव्या देत आले, पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं.

झेंडा झाला. गुरुजींनी एकेकाला बोलावून कार्ड दिलं आणि प्रत्येकाचं एक चांगलं वाचून दाखवलं. नाम्याला भागाकार येत नाही, त्याचं लिहिलंय, 'भागाकार येऊ लागला आहे.' सगळ्यांना टाळ्या. मैनाला टाळ्या, नाम्याला टाळ्या, जिव्याच्या पोराला टाळ्या, तो तर दिवाळीनंतर शाळेत आलाच नव्हता. शेवटी कोणीतरी मागून ओरडलं, "नारल कोनाचा?" गुरुजी खाली बघत म्हणाले, "यंदा सगळेच पहिले." लोक हसले. रघू भावजी सगळ्यात मोठ्याने हसले. ह्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "आपन दोगं बी पयले, सावल्या!"

हे पिशवी घेऊन उभे होते. घरी आल्यावर पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सगल्यांना समदं येतं म्हंजे कुनालाच काय येत न्हाय. कशेलीवाल्यांना निरोप धाड."

मी भांडले. सासूबाई मध्ये पडल्या. पण ते नंबर दाखव म्हणाले, तेव्हा मी काय दाखवू? कार्ड दाखवलं. ते आडवं धरून बघितलं त्यांनी.

काल कशेळीचे आले. खाडीवर त्यांच्या रेतीच्या होड्या आहेत. मुलाचा बाप बुधाजी आणि आई काशी. पोहे झाले, मैनाला बाहेर बोलावलं. काशीबाईने नेहमीचंच विचारलं, काय काय येतं गं तुला? मैना बोलेना. मान खाली घालून बसली. मला वाटलं, बरं झालं, मुकी समजून परत जातील. तर तुझे दाजी आत गेले आणि ते कार्ड घेऊन आले.

बुधाजी थोडं वाचतो. त्याने पुढचं पान उलटून टाकलं. मागचं पान मोठ्याने वाचलं. स्वयंपाक, उत्तम. आवणी, उत्तम. धाकटी भावंडं सांभाळणे, उत्तम. कांड्या भरणे, उत्तम. मोठ्यांचे ऐकते, न कंटाळता काम करते. मग अंगठा शिक्क्यावर फिरवून म्हणाला, "आमी दहा घरं फिरलो. दर आय सांगते, माज्या पोरीला समदं येतं. खरं कोन धरनार? हितं त सरकारचा शिक्का हाय." काशीबाई म्हणाली, "कार्ड असलं का मानूस फसत न्हाय." आणि दोघं हसले, वाईट नाही हसले, खरोखर खुश झाले. माणसं वाईट नाहीत ती. त्याचाच मला जास्त राग आला.

मैना आत गेली. मला म्हणाली, "आई, पुढचं पान कोणी वाचलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पहिली कोण आली गं?"

मी रात्रीच्या भाकरी टाकून गुरुजींच्या दारात गेले. खरं सांगा म्हटलं. गुरुजींनी पेपर तपासून ठेवलेत, तुमच्या योजनेत मार्क नकोत तरी सवयीने घातलेत. मैना पहिली, दुसऱ्याच्या कितीतरी पुढे. म्हटलं, हे मैनाच्या बापाला सांगा. म्हणाले, "बाई, मला बदलीची भीती आहे. मी वाडा तालुक्यातून कसाबसा इथे आलोय. तुमच्या भावाचं एक ओळीचं पत्र आलं तर मी पारावर उभा राहून सांगेन."

एक ओळ. लग्नाची सुपारी अक्षय्यतृतीयेला फुटणार आहे. तिच्या आधी ती ओळ आली तर तुझे दाजी मागे फिरतील, मला माहीत आहे. ती पिशवी अजून खुंटीला आहे. नारळ त्यांनी कोणाला दिलेला नाही.

तुझ्या योजनेचा आत्मा का काय तो, त्याला एक दिवस झोपव. तुझी झोळी मी वर्षभर हलवली आहे.

चंद्रा


ठाणे
२१ मे १९७५

ती. स्व. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

पुण्याहून काल परतलो आणि तुझे पत्र पाहिले. सुलभाने ते टेबलावर ठेवले होते, पुण्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता. फार वाईट वाटले. अक्षय्यतृतीया होऊन गेली, तेव्हा सुपारी झालीच असेल असे धरून लिहितो.

खरे सांगायचे तर पत्र वेळेवर मिळाले असते तरी एका ओळीचा प्रश्न इतका सोपा नव्हता. पुण्यात सगळे आमच्याकडे पाहत होते. पण मी काहीतरी मार्ग काढला असता असे मला वाटते.

झाले त्यात चांगलेही पाहा. घर चांगले आहे, माणसे वाईट नाहीत असे तूच लिहितेस. मैना हुशार आहे, लग्नानंतरही बाहेरून परीक्षा देता येते. मी स्वतः पुस्तके पाठवीन. आणि तिच्या कार्डाचा एका अनोळखी घराने एवढा मान ठेवला, ही साधी गोष्ट नव्हे. लोक या कार्डावर विश्वास ठेवू लागले आहेत. साहेबांना मी हे सांगितले, तर त्यांनीही कौतुक केले.

त्यावरून एक विनंती. जूनअखेर ठाण्याला योजनेचे प्रदर्शन आहे. चांगली भरलेली कार्डे तिथे लावायची आहेत. मैनाचे कार्ड थोड्या दिवसांसाठी पाठवशील का? मागचे पान तर नमुना म्हणून दाखवण्यासारखे आहे. जपून परत करीन.

केसरीनाथ


वडाचीवाडी
१६ जून १९७५

केसरी,

कार्ड माझ्याकडे नाही. बुधाजीने सुपारीच्या दिवशी मागून घेतलं. जन्मपत्रिकेबरोबर पिशवीत घालून कशेळीला नेलं. तुला प्रदर्शनात लावायचं असेल तर तिकडे जा. त्यांच्या ओसरीवर फ्रेम करून लावलंय असं ऐकलं, देवांच्या फोटोशेजारी. मागचं पान पुढे ठेवून.

सुपारीला तुझ्या दाजींनी तो नारळ फोडला. दुसरा आणलेला होता, पण खुंटीवरचाच काढला. फोडायच्या आधी बराच वेळ हातात धरून ठेवला. लोकांना वाटलं, मुलगी द्यायची म्हणून. रघू भावजी खोबरं खात होते. मी तुकडा घेतला नाही. मैनाच्या हातात कोणीतरी ठेवला, तो संध्याकाळपर्यंत तिच्या मुठीतच होता. मी मूठ उघडली तेव्हा खोबरं घामाने बुळबुळीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दाजींना सांगितलं. सगळं सांगितलं. मैना पहिली होती, नाम्याच्या कितीतरी पुढे, पेपर गुरुजींच्या ट्रंकेत आहेत. त्यांनी खुंटीवरची रिकामी पिशवी काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, "मंग तवा का न्हाय बोलली?" मी बोललेच होते, केसरी. गेल्या वर्षीच्या होळीपासून बोलतेय. पण माझं बोलणं हा काही नंबर नाही. मग म्हणाले, "आता सुपारी फुटली. आता माजा शब्द तिकडं गेला." सांगितलं होतं ना तुला, हा माणूस शब्द मोडत नाही. त्याच्यावरच मी सगळं टाकलं होतं.

शिंगडा गुरुजींची बदली झाली. कशाने ते तुला ठाऊक असेल, मला नाही. जाण्याआधी घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला नाही. मैनाला म्हणाले, "पोरी, तू पहिली होतीस." मैनाने विचारलं, "किती मार्क?" त्यांनी सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि कांड्या भरायला बसली. गुरुजींना रडू आलं. मला नाही आलं. त्यांना म्हटलं, हे एक मेला बोलायचं होतं, आता घरी जा.

आज भिवंडीचं हायस्कूल सुरू झालं. सकाळच्या एसटीत नाम्या बसून गेला. खाकी चड्डी, नवं दप्तर. भागाकार त्याला अजून येऊ लागलाय. मैना विहिरीवर होती. गाडी पुढच्या वळणाला जाईपर्यंत तिने घागर उचलली नाही.

पुस्तकं पाठवू नकोस. तिकडे होड्यांवरच्या माणसांची भाकर करून झाल्यावर ती वाचेल, असं तुला पुण्याला वाटलं असेल. इथे कोणाला वाटत नाही. मी तिला सांगितलंय, कशेळीला जाशील तेव्हा तिथल्या ओसरीवरचं ते कार्ड उलटं करून लाव. कोणी विचारलं तर म्हण, सरकारने पुढचं पान म्हणून हेच छापलंय.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. पत्रिका येईल. तू ये. सुट्टी नाही, पाहणी आहे, पुणे आहे, हे मला लिहू नकोस. आपल्यात नवरीला मामा हात धरून मांडवात आणतो, दुसऱ्या कोणी आणून चालत नाही. अर्ध्या वाटेपर्यंत तू तिला आणलीच आहेस. राहिलेलं तेवढं येऊन पूर्ण कर.

चंद्रा